शारदेवरच्या पुलाची शीट

शुक्रवारी सकाळी पेपरच्या चौथ्या पानावर भावना गजभियेचा फोटो आला आणि द्रौपदी मेश्रामचा चहा ओट्यावरच गार झाला. फोटो चांगला तीन कॉलमी. भावनानं मोतिया रंगाची चंदेरी नेसलेली, डाव्या हातात नकाशे काढायचं शाईचं पेन धरलेलं, आणि वर हिंदीत ठळक मथळा: ‘रेखाओं की उस्ताद’. खाली लिहिलं होतं की गोमतीच्या काठावरच्या दीडशे वर्षं जुन्या गोदामात आता आधुनिक कलेचं केंद्र उघडलंय, आणि तिथल्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनात पुलांचे हातानं काढलेले जुने नकाशे लावलेत. ते काढणाऱ्या कलाकार, श्रीमती भावना गजभिये.

"कलाकार," द्रौपदी म्हणाली. आलमबागच्या त्या दोन खोल्यांत नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

ईश्वर बाहेर उन्हात मटार सोलत बसला होता. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून त्याचा अर्धा हिवाळा मटार सोलण्यात जायचा. "चांगलं झालं की," तो म्हणाला. "आपल्या माणसाचं नाव झालं."

"आम्ही दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. ती कलाकार, मग मी कोण? तिची शाई वाळवणारी?"

"तुझाही येईल फोटो."

"हो, येईल. निधनवार्तेत."

ईश्वरनं मटाराचा डबा उचलला आणि आत येण्याऐवजी गच्चीवर गेला. लग्नाला अडतीस वर्षं झालेला माणूस कुठं थांबायचं हे बरोबर ओळखतो.

आता द्रौपदीचं हे दुखणं काही त्या सकाळचं नव्हतं. चांगलं जुनं, मुरलेलं दुखणं होतं. दोघी नागपूरच्या. आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या वर्गात एकाच बाकावर बसल्या. द्रौपदी वर्षानं मोठी, म्हणून भावना तिला ताई म्हणायची. सत्त्याऐंशी साली दोघींना एकाच जाहिरातीतून नोकरी लागली, पुलांचे नकाशे निघत अशा एका सरकारी ऑफिसात, आणि नेमणूक थेट लखनौला. दोघींच्या आया स्टेशनावर रडल्या. दोघींनी एकाच डब्यातला चिवडा खाल्ला. त्यानंतर तीसपेक्षा जास्त वर्षं दोघींनी रिटायर होईपर्यंत ट्रेसरचं काम केलं, आणि त्यातलं एकही वर्ष असं गेलं नाही की ज्यात भावनाला काही मिळालं आणि द्रौपदीनं ते मोजलं नाही.

ट्रेसर म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. इंजिनिअर पेन्सिलनं नकाशा काढायचा, अर्धा पुसलेला, आकडे कोंबलेले. तो टेबलावर लावून त्यावर निळसर, मेणचट, आरपार दिसणारं ट्रेसिंगचं कापड ताणायचं, शाई धरावी म्हणून पावडर चोळायची आणि काळ्या शाईनं सगळा पूल रेघ न रेघ वर उतरवून घ्यायचा. डाग पडला तर ब्लेडनं खरवडायचा. खरवडलेलं दिसलं तर नकाशे तपासणारा चेकर शीट परत तोंडावर मारायचा. मोठ्या शीटला तीन-तीन आठवडे जात. पुढं पूल बांधला जाई, उद्घाटन होई, दगडावर मोठमोठी नावं कोरली जात. ट्रेसरचं नाव फक्त शीटच्या उजव्या कोपऱ्यातल्या इंचभर चौकोनात, तेही पूर्ण नाही, नुसती आद्याक्षरं.

आणि त्या आद्याक्षरांचा एक नियम होता. कुठल्या पुस्तकात नव्हता, पण ट्रेसर बसत त्या साऱ्या हॉलला ठाऊक होता. ज्यानं शीटची चौकट आखली, त्याची सही. मधे कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणाला गेलं, तर दुसरा बसून शीट पुरी करायचा आणि नाव पहिल्याचंच राहायचं. उद्या आपल्यावरही वेळ येणार, हे सगळ्यांना माहीत असायचं, म्हणून कुणी कुरकुर करत नसे. भावनाच्या बाळंतपणात तिच्या दोन शीटा द्रौपदीनं पुऱ्या केल्या होत्या. त्या तिनं कधी विसरल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

भावनाचा हात चांगला होता, हे द्रौपदीही नाकारत नसे. नाकारता येत नव्हतं म्हणून तर ती जळायची. साहेब हॉलमधून फिरताना भावनाच्या टेबलाशी दोन मिनिटं जास्त थांबायचे. भावनाला क्वार्टर आधी मिळालं. भावनाचा नवरा बुद्धभूषण बँकेत, तर हिचा टेलिफोनच्या खांबावर. भावनाची मुलगी पहिल्या फटक्यात इंजिनिअरिंगला लागली, तर हिचा पिंटू तीनदा परीक्षेला बसून शेवटी कुरिअर कंपनीत चिकटला. पुढं भावनानं गोमती नगरला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, लिफ्टचा. साठी उलटली तरी बाईचे केस काळे, आणि मेंदीसुद्धा लावत नव्हती. या सगळ्यावर कडी म्हणजे ती स्वभावानं वाईट नव्हती. वाईट असती तर द्रौपदीचं काम किती सोपं झालं असतं.

या सगळ्या हिशेबात द्रौपदीच्या बाजूला एकच गोष्ट होती, पण ती भली मोठी होती. शारदेवरच्या पुलाची शीट. त्र्याण्णव सालची. आठ गाळ्यांचा पूल, दोन्ही काठ, नदीचा तळ, सगळं एका कापडावर. दिल्लीहून आलेल्या मुख्य अभियंत्यांनी ती शीट हातात धरून विचारलं होतं, "यह किसका हाथ है?" कोपऱ्यात द्रौपदीची आद्याक्षरं होती. तिला प्रशस्तिपत्र मिळालं आणि सीनिअर ट्रेसरची एकुलती एक जागाही मिळाली, भावनाच्या आधी. ती शीट सुरू असताना पिंटू काविळीनं अकरा दिवस दवाखान्यात होता आणि तेवढ्यात भावनानं शेवटी थोडा हात लावला होता. थोडा, असं द्रौपदी म्हणायची. सुरुवातीला घरी म्हणायची, नंतर कुणी विचारलं तर म्हणायची, आणि हळूहळू कुणी विचारेना तेव्हा तेही म्हणायची सोडली. ती दवाखान्यातून परतली तेव्हा शीट पुरी होऊन साहेबांकडं गेली होती. नंतर कित्येक वर्षं ती रेकॉर्ड रूममध्ये नळीत गुंडाळून पडली होती, खालच्याच मजल्यावर. द्रौपदी एकदाही ती उघडून बघायला गेली नाही. का गेली नाही, ते तिला ठाऊक होतं आणि नव्हतंही.

शुक्रवारी दुपारी भावनाचा फोन आला.

"ताई, जय भीम. पेपर पाहिला काय?"

"जय भीम. नाही गं. वेळच कुठं मिळून राहिला," द्रौपदी म्हणाली. पेपर तिच्या मांडीवर होता.

"रविवारी ये ना प्रदर्शनाला. चार वाजता. भाऊजींनाही आण. तुझंही आहे तिथं काहीतरी."

तुझंही आहे काहीतरी. फोन ठेवल्यावर द्रौपदीनं ते वाक्य पाच-सहा वेळा उलटसुलट करून पाहिलं, आणि दर वेळी तिला ते जास्तच लागलं. पंगत उठल्यावर उरलेलं ताटात वाढतात तसं. मग कणीक मळता मळता तिच्या डोक्यात एकदम लखलखलं. भावनाच्या नावावर ज्या शीटा लावल्यात, त्यातल्या त्या दोन तर आपल्या. बाळंतपणातल्या. आणि ते सिद्ध करणं अगदी सोपं होतं. भावना डावरी. पट्टी धरून ओढलेली रेघ कुणाचीही सारखीच, पण काठावरचं गवत, माती, दगड हे सगळं मोकळ्या हातानं भरायचं असतं. उजव्या हाताचं गवत उजवीकडं झुकतं, डाव्या हाताचं डावीकडं. चेकर भावनाला यावरून नेहमी टोकायचा, तरी तिचा हात वळायचा नाही.

"मी जाणार," तिनं ईश्वरला सांगितलं. "आणि त्या कलाकार बाईच्या भिंतीवर माझं गवत दाखवणार. सगळ्यांसमोर."

"कशाला उगाच," ईश्वर म्हणाला.

"उगाच नाही. माझंही नाव पाहिजे त्या भिंतीवर. तिच्या मेहेरबानीनं नको, हक्कानं पाहिजे."

रविवारी तिनं जांभळी सिल्क काढली. आलमबागहून मेट्रोनं हज़रतगंज, तिथून ई-रिक्षा. नदीच्या अलीकडं, रस्ता खाली उतरतो तिथं ते गोदाम होतं. पूर्वी तराईतलं सालवृक्षाचं लाकूड नौकांतून इथं उतरायचं म्हणे. समुद्राचा पत्ता नसलेल्या या शहराचं तेवढंच काय ते बंदर. भिंती हातभर जाड, चपट्या लखौरी विटांच्या. नावा बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत होत्या, आणि एक गंजकी यारी, माल उचलायची, तिला आता काळा रंग देऊन खालून दिवा सोडला होता.

"गंज लागलेली वस्तूही यांच्याकडं कलाकार," द्रौपदी म्हणाली.

दारात एका मुलीनं दोघांच्या छातीला गोल निळं स्टिकर चिकटवलं. आत पहिल्या दालनात छताला ओल्या दिसणाऱ्या गोणपाटाच्या लांबच लांब पट्ट्या टांगलेल्या, आणि कुठून तरी पाण्याचा आवाज येत होता. लोक त्यांच्यामधून हळूहळू चालत होते, चेहरे गंभीर करून. द्रौपदीनं गोणपाटाला हात लावून पाहिला. कोरडा होता. पुढच्या खोलीत एका पडद्यावर दोन हात दोरीची गाठ सोडवत होते. नुसती गाठ. खाली लिहिलं होतं, चाळीस मिनिटं.

"सुटते काय, बघू," म्हणून ईश्वर बाकावर बसला तो बसलाच. त्याला तिथंच सोडून द्रौपदी पुढं निघाली.

नकाशे तिसऱ्या दालनात होते, सगळ्यात मोठ्या. आत पाऊल टाकलं आणि तिचा राग क्षणभर कुठल्या कुठं गेला. खरंच गेला. खोली अंधारी ठेवली होती, आणि एकेका नकाशाच्या मागून उजेड सोडला होता. निळसर कापड पाण्यासारखं उजळलं होतं आणि त्यावर काळ्या शाईचे पूल उभे होते. सतरा-अठरा असतील. आयुष्यभर हे नकाशे तिनं टेबलावर आडवे पाहिले होते, कोपरांनी दाबलेले, कडेला चहाचे कप. उभे असे कधीच पाहिले नव्हते. तिला वाटलं, आपण हे करत होतो होय. आणि लगेच पाठोपाठ वाटलं, आपण नाही, भिंतीवर तर भावना लिहिलंय.

कारण प्रत्येक नकाशाखाली छोटी पांढरी पाटी होती आणि पाटीवर नाव होतं. भावना गजभिये. भावना गजभिये. पुन्हा भावना गजभिये. दोन-चार पाट्यांवर दुसरी नावं होती, वारलेल्या बाबूंची. द्रौपदीनं चष्मा पुसला आणि कामाला लागली. नाक काचेला लागेल इतकी वाकून ती एकेका पुलाचं गवत तपासत निघाली. एक तरुण जोडपं आदरानं बाजूला झालं. त्यांना वाटलं, बाई मोठ्या जाणकार दिसतात.

डावीकडं. डावीकडं. हाही डावीकडं. सातव्या पाटीशी तिला पहिलं उजवीकडचं गवत सापडलं आणि ती तिथंच थांबली. पण तो पूल कसला, मोरी होती साधी, रस्त्याखालची. गवतही मोजून दहा काड्या. नवव्या पाटीवर दुसरी मोरी. बस्स. बाळंतपणातल्या त्या दोन शीटा म्हणजे या दोन मोऱ्या. इतकी वर्षं तिच्या मनात त्या केवढ्याल्या मोठ्या झाल्या होत्या. आता चार लोकांसमोर हात वर करून सांगायचं काय, की बघा, ही नाल्यावरची दहा गवतं माझी?

तिला तिथूनच परतावंसं वाटलं. तेवढ्यात दालनाच्या टोकाशी, एका अख्ख्या भिंतीवर एकटाच लावलेला नकाशा तिनं पाहिला. पाच फूट लांब. आठ गाळे. लांबूनच तिनं ओळखला. आणि पाटीवर लिहिलं होतं: ‘शारदा नदीवरील पूल. ट्रेसर: द्रौपदी मेश्राम.’

सांगायला हरकत नाही, द्रौपदीच्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्ण नाव. आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नाव, आणि सगळ्यात मोठ्या भिंतीवर. भावनाच्या चौदा पाट्या एकीकडं आणि ही एक एकीकडं. तिनं पदरानं डोळे टिपले. इकडंतिकडं पाहिलं, कुणी आपल्याला पाहतंय का म्हणून. मग सवयीनं, निव्वळ सवयीनं, ती वाकली आणि गवत पाहिलं.

डाव्या काठावर गवत उजवीकडं झुकलेलं होतं. माझं, ती मनात म्हणाली. पहिला खांब, त्याच्या पायाशी दगड. माझे. त्यापुढं नदीचा तळ सुरू होत होता, वाळूचे ठिपके, मग दगडांच्या बारीक रेघा. आणि तिथं, पहिल्या खांबापासून दोन बोटं अंतरावर, रेघांनी कूस बदलली. तिथून पुढं सगळं डावीकडं. दुसरा खांब, तिसरा, पुढचे सगळे गाळे, उजवा काठ, त्यावरचं गवत, झाडांची ओळ, पाण्याच्या त्या लहरी ज्यांच्यासाठी मुख्य अभियंते थांबले होते. सगळं डावीकडं झुकलेलं. मागून उजेड होता, लपायला जागा नव्हती. पाच फुटांच्या कापडावर द्रौपदीचा हात फार तर नऊ इंच होता.

ती सरळ झाली. थोडा हात लावला होता, म्हणे. अकरा दिवस भावना एकटी बसली असेल, सकाळ-संध्याकाळ, स्वतःचं काम सांभाळून. सीनिअरची जागा निघणार, हे तेव्हा साऱ्या हॉलला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तरी तिनं हे इतकं सुंदर काढलं, दुसरीच्या चौकटीत. द्रौपदीला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याच्याही आधी, त्याच्याही वर, तिला हेवा वाटला. काय हात होता बाईचा. ज्या एका गोष्टीवर आपण बत्तीस वर्षं मान ताठ ठेवली, तीसुद्धा हिचीच निघावी? एक तरी वस्तू या बाईनं आपल्यासाठी सोडायला नको होती?

"आंटी, आप आ गईं," मागून आवाज आला. ही वेदिका, प्रदर्शन मांडणारी; भावनानं तिला लांबूनच द्रौपदी दाखवली असावी. बँकेतल्या एका मराठी साहेबांची मुलगी, लखनौलाच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीत. ऑफिसानं रद्दीत काढलेल्या नळ्यांमधून हे नकाशे तिनंच वेचून काढले होते. तिच्यामागं वीस-पंचवीस लोक होते आणि त्यांच्यात मोतिया चंदेरीतली भावना.

"ये शो का सबसे खूबसूरत काम है," वेदिका लोकांना म्हणाली, "और ये हैं द्रौपदी मेश्राम जी, जिनका ये हाथ है. आंटी, दो मिनट कुछ बताइए ना."

सगळे द्रौपदीकडं पाहू लागले. एकीनं फोन वर धरला, फोटोसाठी. हेच हवं होतं ना तुला, द्रौपदीनं स्वतःला विचारलं. हेच. आणि नियमानं तर शीट तिचीच होती. चौकट तिनं आखली होती, कोपऱ्यात आद्याक्षरं तिची होती, नियम साऱ्या हॉलचा होता. दोन वाक्यं बोलायची, फोटो द्यायचा आणि घरी जायचं. पिंटूला पाठवता आला असता फोटो. या पंचवीस लोकांतलं कुणीही गवत कुठं झुकलंय ते बघणार नव्हतं.

तिनं भावनाकडं पाहिलं. भावना नुसती बघत राहिली, चेकर शीट हातात घेऊन बघायचा तशी.

"यह मेरा नहीं है," द्रौपदी म्हणाली. मग मागच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "मेरा सिर्फ इधर तक है." तिनं काचेवर बोट ठेवलं, पहिल्या खांबापुढं दोन बोटं. "मेरा बच्चा बीमार था. यहाँ से वहाँ तक सब इनका है. घास देखिए. मेरी घास इधर झुकती है, इनकी उधर. ये लेफ्टी हैं."

लोक पुढं सरकले आणि वाकून वाकून गवत बघू लागले. कुणीतरी "अरे हाँ" म्हणालं. वेदिका एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. "तो... नेमप्लेट पे क्या लिखूँ? दोनों का नाम?"

आता भावना नाही नाही म्हणणार, हे द्रौपदीला पक्कं ठाऊक होतं. ताईचीच शीट आहे म्हणेल, नियमच होता म्हणेल, निदान दोघींची नावं लिही म्हणेल. चांगल्या स्वभावाची ना ती. द्रौपदीनं मनातल्या मनात थोडी जागाही करून ठेवली, ते ऐकून घ्यायला.

"माझं एकटीचं लिही," भावना म्हणाली. मराठीत, हळू, पण स्पष्ट. "आडनावासकट."

वेदिका टेबलाकडं पाटी आणायला गेली. लोक दुसऱ्या नकाशांकडं पांगले. दोघी त्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या, एकमेकींकडं न बघता.

"मागून दिवे लावायचं कुणी सुचवलं?" द्रौपदीनं विचारलं.

"मी."

"म्हणजे मला दिसावं म्हणून."

"हो. वेदिकाला मी पाटीवर तुझंच नाव लिहायला लावलं. म्हटलं, बघू ताई काय करते." भावनानं काचेवरचा द्रौपदीच्या बोटाचा ठसा पुसला. "बत्तीस वर्षं मी वाट पाहिली, ताई. एकदा तरी म्हणशील, भावना, तू केलंस. त्या प्रशस्तिपत्राच्या दिवशी तू साऱ्या हॉलला पेढे वाटले, मलाही दिला. मी तो खाल्ला नाही. घरी नेऊन टाकला."

"तेव्हाच काहून नाही बोललीस?"

"काय बोलणार? पिंटू दवाखान्यात होता. आणि नियम होता."

द्रौपदीचं ते जुनं दुखणं तसंच होतं, जरासुद्धा कमी झालं नव्हतं. उलट आता त्याला बसायला हक्काची जागाच राहिली नव्हती. भिंतीवर आता तिचं नाव राहणार नव्हतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं ते उतरवलं होतं.

वेदिका एक कोरी पांढरी पाटी आणि मार्कर घेऊन आली. छापील उद्या येईल, आज हातानंच लिहू, म्हणाली. तिनं लिहायला सुरुवात केली. पोरीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ‘भावना’मधला भा वर चढला आणि ना खाली घसरला.

द्रौपदीला ते बघवेना. "दे इकडं," ती म्हणाली. "दुसरी पाटी आण. आणि मार्कर नको. शाईचं पेन आहे ना तुमच्याकडं, हिचा पेपरातला फोटो काढायला आणलेलं?"

पेन आलं, शाई आली. द्रौपदी टेबलाशी बसली, जांभळ्या सिल्कचा पदर खोचला, पट्टीनं पेन्सिलच्या दोन हलक्या रेघा मारल्या आणि लिहायला लागली. ट्रेसर: भावना बुद्धभूषण गजभिये. एकेक अक्षर उभं, सारख्या उंचीचं, सारख्या अंतरावर. लिहिताना ती जळतच होती, ते काही लपवण्यात अर्थ नाही. पण शाईचा एक ठिपका तिनं इकडचा तिकडं होऊ दिला नाही. शेवटचा ‘ये’ झाला, तिनं पेन बाजूला ठेवलं आणि फुंकर घालायची सवय आवरली, कारण फुंकरीनं शाई पसरते.

भावना तिच्या खांद्यावरून बघत होती.

"अक्षर अजून तसंच आहे तुझं," ती म्हणाली. "मला कधी जमलं नाही असं. साहेब माझ्या शीटवर सगळं बघायचे आणि शेवटी म्हणायचे, लेटरिंग द्रौपदी से सीखो. दर वेळी. घरी येऊन मी वहीत काढायचे, बुद्धभूषण झोपल्यावर. वह्यांच्या वह्या भरल्या. या अक्षरासाठी किती जळले मी तुझ्यावर, तुला माहीत नाही."

द्रौपदीनं मान वर केली. "माझ्यावर?"

"तुझ्यावर."

"तू?"

"मी."

द्रौपदीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग शेजारची खुर्ची ओढून भावनाला बसायला दिली.

"बस," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग."